आधी शिवायचं, मग कापायचं

९ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न.

आधी एक तक्रार नोंदवून घ्यावी. पाकीट बंद करण्यासाठी पाकिटाला एक कड दिलेली असते आणि त्या कडेला डिंकही दिलेला असतो. तेवढ्यावर जगाचा सगळा पत्रव्यवहार चालतो. प्रेमपत्रं जातात, कोर्टाच्या नोटिसा जातात, कुणाची काही तक्रार नाही. तुम्ही मात्र चारही बाजूंना खळ फासलीत, वर कागदाच्या पट्ट्या डकवल्यात, आणि पट्ट्यांवर पुन्हा खळ. मी आधी बोटाने प्रयत्न केला, मग पटाशीने, मग किटलीच्या वाफेवर धरलं. शेवटी पाकीट उघडलं, पण पत्रासकट. "भावजी, तब्येतीला" या शब्दांपासून "जपा" या शब्दापर्यंत पोचायला मला अख्खी दुपार लागली. तब्येत तेवढ्यातच बिघडली, हे वेगळं.

तुकडे जुळवल्यावर कळलं की पत्रात दोन गोष्टी आहेत. पहिली, दादाचा फोटो. त्याला जाऊन दोन महिने होत आले, सख्खा भाऊ फ्रेमवाला, आणि फोटो अजून बिनचौकटीचा, असं तुम्ही लिहिलेलं नाही. पण मी ते वाचलं. काच आलेली नाही, वहिनी. आली की करतो.

दुसरी गोष्ट गोधडीची. दादाच्या सदऱ्यांच्या पट्टेरी कापडाचा काठ तुम्हाला गोधडीला चारी बाजूंनी लावायचाय, आणि कोपऱ्यात आले की पट्टे एकमेकांवर आदळून तिथेच मरू नयेत, वळून पुढच्या बाजूला चालू लागावेत, असं तुमचं म्हणणं. एवढ्यासाठी पत्र? मी जन्मभर दुसरं करतोय काय? लोक मला फ्रेमवाला म्हणतात, खरं तर मी कोपरेवाला. सरळ पट्टी कोणीही कापेल, पैसे कोपऱ्याचे असतात.

तर ऐका. चार बाजू मोजा. प्रत्येक बाजूच्या लांबीत काठाची रुंदी दोनदा मिळवा, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. तेवढी पट्टी घ्या. दोन्ही टोकं बरोब्बर अर्ध्या काटकोनात तिरपी कापा, केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. आठही टोकं कापून झाली की जमिनीवर चौकट मांडून बघा. पट्ट्याला पट्टा भिडला पाहिजे. भिडला की जोडा. आधी काप, मग जोड, हा आमच्या धंद्याचा कायदा. यात सवलत नाही.

तुमचा धाकटा दीर
(कोपरेवाला)

*

२० जानेवारी

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट या वेळी एकाच बाजूने चिकटवलंय. आत कुणी हात घातला तर मला दोष देऊ नका.

फोनवर तुम्ही ओरडता आणि मला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं तुम्ही थट्टेत घालवता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते. गोधडीचा मधला भाग झालाय. जुने पडदे, ठमीचे लहानपणचे फ्रॉक, एक टेबलावरचं कापड, असं सगळं घरातलंच. तो भाग काही विशेष नाही, अशा मी जन्मभर शिवल्या. काठ मात्र ह्यांच्या सदऱ्यांचा हवा. तुम्हाला माहीतच आहे, निळ्या पट्ट्यांशिवाय त्यांनी दुसरं काही अंगाला लावलं नाही. दुकानदार कंटाळायचा, मी कंटाळायचे, हे कंटाळले नाहीत.

सदरे पुष्कळ होते. पण त्या पहिल्या आठवड्यात मी पडून होते, तेव्हा ठमीने कपाट रिकामं केलं. आईला रोज ते दिसायला नको, एवढंच पोरीच्या मनात. सगळं गाठोडं बांधून देऊन टाकलं. तिला वाटलं, मी बरं म्हणेन. मीही बरंच म्हटलं. राहिले ते दोन, वाळत घातलेले. शेवटपर्यंत अंगावर होते ते हेच, एकाच ताग्यातले.

दोन सदऱ्यांत अख्खा काठ बसवायचा म्हणजे कसरत आहे. एका सदऱ्याच्या पाठीतून लांब पट्टी निघत नाही, जोड द्यावे लागतात. आणि प्रत्येक जोडाला पट्टा पट्ट्याला जुळवायचा म्हणजे कापड वाया जातं. मी सगळं मांडून बघितलं. बसतंय. काठोकाठ बसतंय, वर चिंधीसुद्धा उरत नाही. म्हणून पुन्हा विचारते, रागावू नका. टोकं शिवायच्या आधीच कापायची? मी आजवर साधाच काठ लावला, एकावर एक चढवून, त्यामुळे या तिरप्या कोपऱ्यातलं मला कळत नाही. पण कात्री लावायला मन धजत नाही.

मे महिन्यात हे घर सोडायचंय. ठमीच्या घरी मला एक खोली आहे, चांगली आहे, खिडकीही आहे. फक्त पलंग एकट्याचा आहे. त्या पलंगावर पहिल्या रात्री ही गोधडी असावी एवढंच मनात आहे. बाकी सामानाचं ठमी बघेल.

काच आली का?

तुमची
वहिनी

*

२७ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न.

वाचून धन्य झालो. ज्या बाईने मला पहिल्यांदा बघितल्या बघितल्या "याचा सदरा उलटा आहे" असं भर मांडवात सांगितलं, तिचं मन आज कात्री लावायला धजत नाही!

वहिनी, कायदा तोच. आधी काप, मग जोड. न कापता जोडायला बसलात तर कोपऱ्यात कापडाचा गोळा होईल आणि पट्टे कुठे गेले ते शोधायला पोलीस बोलवावे लागतील. माप बरोबर असेल तर घाबरायचं काय कारण? माप चुकतं ते घाबरणाऱ्यांचंच. दादा काय म्हणायचा? "कोपऱ्याचं काही असलं तर धाकट्याला विचारा." त्याने आयुष्यात माझी केलेली ही एकमेव स्तुती. तिचा मान ठेवा आणि कापा.

इथे दुकानात रोजचा तमाशा चालूच. परवा एक जोडपं आलं, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो घेऊन. बाई म्हणाल्या, "बिनचमकीची काच आहे का हो? ह्यांच्या डोक्यावर उजेड पडतो." मी म्हटलं, "काच देतो, पण डोकं आतलं आहे, तिथे माझा हात पोचत नाही." नवरा इतका हसला की बाईंनी फ्रेम दुसरीकडे टाकायचं ठरवलं. गेले. दादा असता तर म्हणाला असता, "तोंड बंद ठेवलं असतंस तर भाडं निघालं असतं."

काच आली, पण पट्टी आलेली नाही. मला हवी ती काळी, बारीक पट्टी. दुसरी त्याला शोभणार नाही.

धाकटा

*

१८ फेब्रुवारी

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

कोपरे केले. तुम्ही सांगितलं तसंच केलं. छान झालेत.

एक विचारायचं होतं. शेजारच्या एक बाई आहेत, त्यांनीही असाच काठ करायला घेतला. त्यांचे कोपरे कमी पडले. पट्टे भिडतच नाहीत, मधे फट राहते, आणि ओढून भिडवावं तर कापड लाटा मारतं. तुमच्या धंद्यात असं कुणाचं झालं तर काय करतात? त्यांच्याकडे आणखी कापड नाही.

इथे सगळं ठीक. माळा रिकामा झाला. पितळेचं काहीच घ्यायला कुणी तयार नाही.

फोटोची घाई नाही. तुम्हाला जमेल तेव्हा.

वहिनी

*

२४ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
सा. न.

म्हणजे झाले ना? बघा! उगाच धास्ती घेतलीत. आता एक गोधडी माझ्या नावाने प्रदर्शनात ठेवा, खाली पाटी लावा: "कोपरे, सौजन्य धाकटा दीर."

शेजारच्या बाईंचं ऐकून करमणूक झाली. आमच्या धंद्यात अशा माणसाला करवत देत नाहीत, झाडू देतात. चारही कोपरे कमी? एक चुकला तर अपघात म्हणू, दोन चुकले तर चष्मा बदला म्हणू. चारही म्हणजे बाईंनी माप घेतलं की नुसता पाढा म्हटला? त्यांना माझा निरोप द्या की कात्री कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे द्या. आता काय, कोपऱ्यांत साधा चौकोन लावून टाका म्हणावं, कुठलंही कापड चालेल. लाकडात आम्ही ठोकळा बसवतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की ही नवी फॅशन आहे. पट्टे मात्र मग वळणार नाहीत. ठोकळ्यापाशी येऊन उभे राहतील. अशी फ्रेम मी तरी दुकानाबाहेर जाऊ देत नाही, पण शेजारच्या बाईंना काय, चालून जाईल.

पितळेचं मी घेतो. सगळं. कुठे ठेवीन विचारू नका.

धाकटा

*

२ एप्रिल

काका,

आई पत्र लिहीत नाही म्हणून तू मला फोनवर विचारलंस की वहिनी रागावली का. तेव्हा ती समोरच बसली होती, म्हणून "कामात आहे" म्हटलं. आता लिहिते. तिला सांगू नकोस की मी लिहिलं.

शेजारी कुणी बाई नाही. शेजारचं घर तर दोन वर्षं बंद आहे.

तू सांगितलंस तशी आईने आठही टोकं तिरपी कापली, अगदी मापात. मी तेव्हा तिथेच होते. मी म्हटलं, "आई, शिवणीत जाईल त्याचं कापड कुठे सोडलंस?" ती म्हणाली, "भावजींनी लिहिलंय तसं करतेय." मी म्हटलं, "अगं, ते लाकडाचं सांगतायत. लाकूड शिवणीत दुमडतं का?" तर म्हणाली, "तुझे बाबा म्हणायचे, कोपऱ्याचं त्याला विचारा. विचारलंय. आता मधे बोलू नकोस." काका, तिला कळत होतं. चाळीस वर्षं शिवतेय ती, तिला कळणार नाही? पण बाबा म्हणाले होते ना, म्हणून तिने कात्री लावली.

शिवायला घेतल्यावर सगळं आखडलं. तिरपं कापलेलं कापड ओढही घेतं, तेही झालं. तिने दोनदा उसवलं, दोनदा शिवलं. कापड आधीच विरलेलं, टाक्यांच्या जागी भोकं पडायला लागली. मग तुझं ते पत्र आलं, झाडू आणि कुलपाचं. तिने ते मला वाचून दाखवलं, आणि हसली पण. "भावजींची तब्येत बरी दिसतेय," म्हणाली. त्या दिवशी गोधडी घडी करून ठेवली ती ठेवलीच. चौकोन लावायला तयार नाही. म्हणते, "ह्यांना कोपऱ्यात उभं करायचं नाही मला."

सदरे मी दिले, काका. ते गाठोडं कुठे गेलं ते शोधायला मी दोनदा जाऊन आले. नाही मिळालं. तुझं माप आणि माझी घाई, दोघांनी मिळून केलंय हे.

एक गोष्ट तुला माहीत हवी. मागे बाबांनी हे कापड घेतलं तेव्हा एका सदऱ्यापुरतं तुलाही पाठवलं होतं ना? त्याच ताग्यातलं. मी आईला म्हटलं, "काकाकडचा माग, चार कोपऱ्यांना कितीसं लागणार?" तर म्हणाली, "मुळीच नाही. तो घालत असेल." बाबा तिला सारखं विचारायचे म्हणे, "धाकट्याने सदऱ्याबद्दल काही लिहिलंय का?" ती म्हणायची, नाही. तर बाबा खूश व्हायचे. "म्हणजे आवडलाय. नाहीतर चार पानं टोमणे आले असते." आणि आई म्हणते, ज्याला भावाची एवढी एकच गोष्ट आवडली, त्याच्या अंगावरून ती कशी काढून घ्यायची?

तू घालत असशील तर हे पत्र फाडून टाक. मी काहीच मागितलं नाही.

ठमी

*

६ एप्रिल

ठमे,

पत्र मिळालं.

कोपऱ्याच्या प्रत्येक टोकाला किती कापड हवं ते मोजून कळव. मी मोजमाप सांगत नाही, विचारतोय. आई झोपली की मोज. आणि हेही कळव की कोपरा खरा कसा करतात. तिला न विचारता, दुसऱ्या कुणाला तरी विचार. तुझ्या ऑफिसात कुणी शिवणारं असेलच.

आईला सांगू नकोस. आणि घाईचं म्हणशील तर, कपाट तू रिकामं केलं नसतंस तर मला करायला बोलावलं असतं, आणि मी ते केलं नसतं. तेव्हा ते कपाट आजही भरलेलं असतं आणि तुझी आई रोज त्याच्यासमोर बसली असती. तू बरोबर केलंस की चूक, मला कळत नाही. निदान केलंस. दादाचा फोटो नोव्हेंबरपासून माझ्या टेबलावर आहे. काच आहे, पट्टीही आहे. तो समोर बसून माझं काम बघतो. खिळा ठोकला की तुमच्याकडे जाणार, आणि मग इथे दिवसभर मी कुणाशी बोलू?

हे फाडून टाक.

काका

*

१९ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न.

सोबतच्या खोक्यात दोन गोष्टी आहेत. खोकं चारही बाजूंनी चिकटवलेलं आहे. सूड म्हणा.

एक, दादाचा फोटो. काळी, बारीक पट्टी. कोपरे बघून घ्या, काही कमी-जास्त असेल तर मला कळवू नका. भिंतीवर लावताना जरा खाली लावा. तो उंच नव्हता, आणि वरून बघणं त्याला कधी जमलं नाही.

दोन, एक उसवलेला सदरा. दादाने मला पाठवलेल्या कापडाचा. तो तुमच्या त्या शेजारच्या बाईंसाठी. मागच्या पत्रात मी त्यांना नाही नाही ते बोललो, ते मला फार लागून राहिलंय. एकतर अनोळखी बाई, त्यात त्यांचं कापड संपलेलं. परवा कपाट आवरताना हा सदरा हाती आला आणि वाटलं, त्यांचे कोपरे होऊन जातील. योगायोगाने पट्टे निळेच आहेत. माझी काही अडचण नाही. इतकी वर्षं जपून वापरला, सणासुदीलाच काढायचो. आता पोट वाढलंय, बटणं भांडतात. नुसता पडून राहण्यापेक्षा कामाला आलेला बरा. बाई नको म्हणाल्या तर सांगा, माणूस उर्मट आहे पण मनाचा वाईट नाही. खोटं बोलायला तुम्हाला जड जाईल, तरी सांगा.

कसा कापायचा हे मी सांगणार नाही. लाकूड आणि कापड यांत फरक असतो असं मला अलीकडे एका जाणत्या व्यक्तीकडून कळलं. लाकूड आधी कापून मग जोडतात. कापड आधी शिवायचं, टोकं लांब सोडायची, कोपरा दुमडून पट्ट्यावर पट्टा टाचणीने धरायचा, आणि कात्री सगळ्यात शेवटी. हे शेजारच्या बाईंना माहीत असेलच. कुणीतरी दीडशहाण्याने त्यांना उलटं सांगितलं असणार आणि त्यांनी त्याचा मान ठेवला असणार. पुढच्या वेळी मान ठेवू नका म्हणावं.

धाकटा

*

११ मे

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र ठमीच्या घरून. सामान काल आलं. पितळेचं तुमच्याकडे निघालंय, आता पळायचं असेल तर पळा.

फोटो बघितला. बराच वेळ बघत बसले. ठमी म्हणाली, "आई, बाबा आपल्याकडे बघतायत असं वाटतं ना?" मी म्हटलं, "नाही गं, काकाच्या दुकानाकडे बघतायत. काहीतरी चुकतंय त्यांच्या मते." हसलो दोघी. मग दोघी रडलो. तुम्ही म्हणालात तसा खाली लावलाय. पलंगावर बसलं की समोर येतो.

शेजारच्या बाईंना सदरा दिला. बाई आधी नको म्हणाल्या. दिराच्या अंगावरचं घ्यायचं म्हणजे काय, असं त्यांना वाटलं. मग खोकं उघडलं आणि घेतला.

कसं केलं ते सांगते, म्हणजे तुमच्या धंद्याच्या कायद्यात लिहून ठेवा. काठ सगळा उसवला. प्रत्येक टोकाला तुमच्या सदऱ्यातला वीतभर तुकडा जोडला, पट्ट्याला पट्टा लावून. मग चारी बाजू शिवल्या आणि टोकं मोकळी लोंबत ठेवली. ठमी म्हणाली, "हे काय, कुत्र्याच्या कानांसारखं?" मग एकेक कोपरा दुमडला, टाचण्या लावल्या, एकेका पट्ट्याला एकेक. शिवला. उलटून बघितला. निळा पट्टा आला, वळला, आणि गेला पुढे. मी बोट फिरवून बघितलं, जोड लागत नव्हता. मग कात्री घेतली.

बाजू आणि कोपरे वेगळे दिसतात, ते मात्र लपत नाही. ह्यांचं कापड धुऊन धुऊन फिकं झालंय, आभाळासारखं. तुमचं गडद आहे, दुकानातून आणल्यासारखं. दुरूनही कळतं, इथे धाकटा सुरू झाला. असू दे.

आता एक सांगते, आणि त्यावर तुम्ही काही लिहायचं नाही. गळ्याच्या तुकड्याच्या आत शिंप्याच्या खडूची खूण होती, पांढरी, अगदी ताजी असल्यासारखी. एका धुण्यातसुद्धा ती राहत नाही, भावजी. सणासुदीला नाही आणि एरवीही नाही. मी जन्मभर शिवण केलंय.

तुम्ही सदऱ्याबद्दल काही लिहिलंय का, असं हे मला विचारायचे तेव्हा खरं माहीत नव्हतं, आता माहीत झालं. तेव्हा माहीत असतं तरी मी त्यांना वेगळं काही सांगितलं नसतं. आवडलाय असं समजून ते गेले, ते बरंच झालं. तुम्ही त्यावरून स्वतःला छळत बसू नका. ती खूण मी पुसली नाही. पाण्याने जाईल म्हणून तो तुकडा न धुता तसाच आत दुमडून घेतला. एका कोपऱ्यात आहे, डाव्या हाताच्या, उशीपाशी.

काल रात्री पांघरली. पलंग एकट्याचाच आहे. झोप लागली पण पहाटेच जाग आली, सवयीने हात बाजूला गेला, तर काठ लागला हाताला. एवढंच.

जेवत जा वेळेवर.

तुमची
वहिनी

*

१५ मे

टेलरमास्तर,

दुकानातला पोरगा पाठवतोय, त्याच्याजवळ हे पाकीट दिलंय. आत निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्याची शिलाई आहे.

गेल्या महिन्यात मी आलो तेव्हा तुम्ही सदरा हँगरवरून काढून दिलात. किती वर्षं टांगलेला होता, ते तुम्ही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. धूळ झटकलीत आणि म्हणालात, "चला, एकदाचे आलात." मी म्हटलं, नेत नाही, उसवून द्या. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "शिवून झालेला सदरा उसवायचा? काजं हाताने केलीत मी." तरी उसवलात, एकही धागा न ओढता, तुकड्यावर तुकडा रचून कागदात बांधून दिलात. मी पैसे काढले तर म्हणालात, "शिवला मी, उसवला मी, तुम्ही घातलाच नाहीत. शिलाई कसली?"

तुम्ही उसवायची कात्री शोधायला आत गेला होतात. तेवढ्या वेळात तुमच्या आरशासमोर मी तो घातला होता. बटणंही लावली, सगळी. खांद्यात बरोबर बसत होता, बाहीही बरोबर होती. तुमचा पडदा हलला तसा घाईने काढून ठेवला.

म्हणजे घातलाय. पैसे ठेवून घ्या.

समोरचा फ्रेमवाला